उघडून वाचणारी माणसं

नांदेड, ४ जून २०१२

ती. उद्धवदादास,
सौदामिनीचा शि. सा. न. वि. वि.

ई-मेलचा धंदा करणारी बाई कागद-पेन घेऊन बसली आहे हे बघून सर्वेश सकाळपासून हसतोय. हसू दे. नवरा आहे आणि कॉलेजला सुट्ट्या आहेत. गेला आठवडाभर मी तुला मेल पाठवले, सगळे परत आले. फोन करावा तर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. वर्गात बोलून बोलून तुला तशी सवयच लागली आहे. म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मेल परत का आले ते सांगते, शांतपणे वाच. तुझं स्वतःचं खातं त्या मोठ्या कंपनीकडे आहे, फुकटचं. तुझंच काय, ज्याच्याकडे मेल आहे त्यातल्या निम्म्यांचं तिथेच आहे. त्या कंपनीने माझ्या सर्व्हरला दार बंद केलंय. माझ्या गोदामेलवरून निघालेलं कुणाचंही पत्र तिच्या उंबऱ्यावरून परत फिरतं. माझ्याकडे पॅथॉलॉजीवाले डॉक्टर आहेत, बियाणेवाले आहेत, माहूरचे लॉजवाले आहेत, तुझ्या ओळखीने आलेले लातूरचे डाळमिलवाले महादेवप्पा आहेत. सगळ्यांची पत्रं सर्व्हरच्या एकाच नंबरावरून बाहेर जातात. एकाने घाण केली की वास सगळ्यांच्या अंगाला.

आणि दादा, घाण तुझ्या क्लासने केली आहे. रोज संध्याकाळी तुझ्या ऑफिसातून मेलचा लोंढा सुटतो, तो जातो कुणाला? कुठल्या दलालाकडून पत्त्यांची यादी विकत घेतलीस का? घेतली असशील तर खरं सांग. मी ओरडणार नाही. म्हणजे ओरडेन, पण नंतर.

कंपनीकडे अर्ज करून झाले. तिथे माणूस नाही, खिडकी नाही. यंत्र उत्तर देतं, 'आपला अर्ज मिळाला.' पुढे काही नाही. माझं म्हणणं एवढंच की दार उघडेपर्यंत क्लासचे मेल थांबव. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते पत्र पोचतं म्हणून. पोचतच नसेल तर मी विकते काय? असंच चाललं तर दिवाळीपर्यंत गोदामेलला कुलूप लागेल. बारा वर्षं राबून उभं केलेलं काम आहे, आणि मला दुसरं काही येत नाही.

वहिनींना नमस्कार, आलोकला आशीर्वाद.

तुझी,
सौदामिनी


लातूर, ८ जून २०१२

चि. सौ. सौदामिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने सायकलवरून आणून दिलं. बघ, सरकारी खातं अजून चालतं, बंद पडलं ते तुझं.

जून म्हणजे लातुरात काय असतं हे तुला मी सांगावं? स्टँडवर जाऊन बघ. एसटीतून उतरलेल्या बापाच्या एका हातात पोराची गुणपत्रिका, दुसऱ्या हातात वळकटी, आणि ऑटोवाला त्याला आधी कुणाच्या दारात नेतो त्यावर क्लासचं वर्ष ठरतं. अशा वेळी तू म्हणतेस मेल थांबव. मृगात शेतकऱ्याला सांग की पेरणी थांबव. तो चाबूक काढेल, मी नुसतं पत्र लिहितोय, एवढा फरक.

दलालाकडून यादी? मी? माझ्याकडे काय नावांचा दुष्काळ पडलाय? चौऱ्याण्णव साली पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला, तेव्हापासूनचं एकही नाव मी पटावरून कमी केलेलं नाही. नापास झालेला, सोडून गेलेला, दुसऱ्या सरांकडे पळालेला, सगळे पटावर. का, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव गेलं, त्यानंतर तालुक्याचा साहेब आला आणि म्हणाला, गुरुजी, गेलेल्या पोरांची नावं खोडा, आकडा वर पाठवायचाय. लाल शाई त्यानेच खिशातून काढून दिली. मी खोडली. त्याच महिन्यात जिल्हा परिषदेची नोकरी सोडली, आणि तेव्हापासून मी कुणाचं नाव खोडत नाही. तुझ्या यंत्राला हे आवडो न आवडो.

आमच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलंय, 'पालकांना रोज ई-मेलवर प्रगती अहवाल'. शब्द दिला तो दिला. तुला ओझं झेपत नसेल तर तसं सांग. पहिलं गिऱ्हाईक मी होतो, लातूरची निम्मी गिऱ्हाइकं माझ्या शब्दावर आली. तेव्हा माझे मेल जड वाटत नव्हते. आता वाटत असतील तर सर्वेशरावांचा पगार चांगला आहे, घरी बसून कुरडया कर. त्या पोचतात.

तुझा,
उद्धवदादा


नांदेड, १४ जून २०१२

उद्धवदादास,
नमस्कार.

कुरडया मला येत नाहीत. तुझ्या मावशीने शिकवल्या नाहीत, तिला मी शिकावं असं वाटत होतं. तिच्या बहिणीचा मुलगा असून तुला हे माहीत नसावं याचं नवल वाटतं.

आता कामाचं. मी गिऱ्हाइकांची पत्रं वाचत नाही. मरेपर्यंत वाचणार नाही. पण पाकिटावरचा पत्ता पोस्टमनही वाचतो, तसा मी तुझ्या मेलांवरचा वाचला. आधी मला वाटलं होतं दलालाचा माल आहे. नाही. सगळे पत्ते एका साच्यातले आहेत. आडनाव, गाव आणि शेवटी 'पालक'. सगळे त्याच मोठ्या कंपनीचे. मी चक्रावले. निलंगा, अहमदपूर, लोहा, देगलूर इथले सगळे आईबाप एकमेकांना विचारून पत्ते काढतात की काय?

परवा बियाणेवाल्यांच्या दुकानात सर्व्हरचं रडगाणं ऐकायला गेले होते. तिथे लोह्याकडचे अण्णाराव बसले होते. त्यांची मुग्धा तुझ्याकडे अकरावीला आहे, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, "मग काका, मुलीचा अहवाल मेलवर येतो ना रोज?"

"कशावर?"

"ई-मेलवर. कम्प्युटरवर."

"न्हाई बा. आपल्याला त्यातलं काई कळत न्हाई. फारम भरताना म्याडम म्हनल्या, काका, मेल हाय का. म्या म्हनलं, न्हाई. तर म्हनल्या, राहू द्या, आमीच काढून देऊन राहिलो."

"मग पासवर्ड दिला का तुम्हाला?"

"ते काय असतंय?"

दादा, तुझ्या ऑफिसातल्या पुनमबाई प्रत्येक पालकाच्या नावाने एक पेटी उघडतात. पालकाला तिचा पत्ता माहीत नाही. ती उघडायची कशी हे माहीत नाही. आणि तू रोज संध्याकाळी त्या पेट्यांमध्ये अहवाल टाकतोस! कोण वाचतं? भिंती?

आता त्या कंपनीच्या जागी स्वतःला ठेव. हजारो पेट्या, नावं एकसारखी, कुणी कधी उघडत नाही, कधी कुणाचं उत्तर नाही, आणि रोज एकाच सर्व्हरवरून त्यात पत्रं पडतात. तिला वाटलं हा भामट्यांचा कारखाना आहे. तिचं काय चुकलं? तू रिकाम्या घरांची कडी वाजवतोस आणि चोर म्हणून मला पकडतात.

हे आजच्या आज बंद कर. आता विनंती नाही.

सौदामिनी


लातूर, १९ जून २०१२

सौदामिनीस,
आशीर्वाद.

माझ्या पालकाला भर दुकानात उभं करून उलटतपासणी घेतलीस. शाब्बास. वकील व्हायला हवं होतंस, मावशीचा पैसा इंजिनिअरिंगवर वाया गेला.

हाव, काढून दिले पत्ते. पुनमने नाही, मी सांगितलं म्हणून तिने. त्या बाईचं नाव मध्ये आणू नको. पालकाकडे मेल नाही हा माझा गुन्हा? समोरच्या गल्लीतला क्लास 'मेलवर अहवाल' छापतो, त्याच्या पलीकडचा 'मेल आणि एसएमएस' छापतो, मग मी काय 'दवंडीवर अहवाल' छापू? बाप फॉर्मवर बघतो, मेलचा रकाना आहे. शेजारच्याला म्हणतो, "हितं कम्प्युटर हाय, पोरगी हितंच टाकू." त्याला अहवाल नको असतो गं, भरवसा हवा असतो. अण्णाराव महिन्यातून एकदा भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन येतो तेव्हा पोरगी कशी आहे ते मी त्याला समोर बसवून सांगतो. तुझ्या कंपनीला ते दिसत नसेल.

इकडे क्लास कसा चालतो हे नांदेडात एसीत बसून कळायचं नाही. पहाटे पाचला पहिला वर्ग. पोरं खोलीत आठ-आठ जण राहतात, पाण्यासाठी भांडतात आणि तरी डॉक्टर होतात. त्यांना मी घडवतो. तू काय घडवतेस? इकडचं पाकीट तिकडे टाकतेस. तेही आता पडेना.

महादेवप्पांशी काल बोलणं झालं. मी म्हटलं, अप्पा, बहीण असली तरी खरं सांगतो, तिच्याकडून पत्रं पोचत नाहीत, तुमच्या सौद्याचं नुकसान होईल. ते म्हणाले, "सर, आमाला पन तसंच वाटून राहिलं होतं." बाकीचेही विचारतायत. मी कुणाला थांबवणार नाही.

उद्धव


नांदेड, २३ जून २०१२

श्री. उद्धव निटूरकर,
संचालक, निटूरकर क्लासेस, यांस
स. न. वि. वि.

आपल्या क्लासचे खाते आज सकाळपासून बंद केले आहे. आपला जुना मजकूर सीडीवर उतरवून कुरिअरने पाठवला आहे. पोच द्यावी.

एवढं लिहून थांबणार होते, पण नाही थांबत.

महादेवप्पांचा फोन आला. तुझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, त्यामुळे ते गेले. त्यांच्या मागे आडत बाजारातले तिघे गेले. तुझ्यामुळे माझं दार बंद झालं, आणि दार बंद आहे असं बोंबलत तूच गावभर फिरलास. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. वर मला विचारतोस, मी काय घडवते! पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टरांचा रिपोर्ट एका बाईच्या मुलाला पुण्यात मिळाला नाही. डॉक्टरांनी मला फोनवर जे ऐकवलं ते मी सर्वेशलाही सांगितलेलं नाही. पाकीट तिकडे टाकणं हे केवढं काम आहे ते पाकीट पडेनासं झालं की कळतं.

आणि तो तुझा पट. नाव खोडत नाही म्हणे! खोडत नाहीस, कारण न खोडता पट मोठा दिसतो. जाहिरातीच्या पहिल्या पानावर ती पडलेली शाळा छापतोस, खाली तुझं नाव, त्याखाली यंदाच्या फीचा तक्ता. भूकंप काय तुझ्या एकट्यावर आला होता? त्याच्या नावावर आणखी किती वर्षं खाणार आहेस?

कळावे.

सौदामिनी अर्धापूरकर


लातूर, २८ जून २०१२

सौदामिनी,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, हे बघितलंस ना?

सीडी मिळाली. ही पोच. आलोकने मेलची दुसरीकडे सोय केली आहे.

फोटो छापतो, खरं आहे. त्या शाळेत माझी चौथी होती. आदल्या संध्याकाळी गणपती बुडवला. पोरं नाचून दमली होती. मी त्यांना म्हटलं, उद्या उशिरा आलात तरी चालेल, मारणार नाही. पहाटे सगळी घरातच होती.

यावर मी कुणाशी बोलत नाही. तुझ्याशीही हे शेवटचं. आपलं नातं मावशीपुरतं होतं आणि मावशी आता नाही.

उद्धव


नांदेड, २९ जुलै २०१२

दादा,

सोबत राखी आहे. दरवर्षी आई पाकीट माझ्यासमोर ठेवून म्हणायची, आधी उद्धवची. सवय मोडत नाही म्हणून पाठवतेय. याला पत्र समजू नकोस, समेट तर मुळीच समजू नकोस. बांधायची नसेल तर तुळशीत ठेव.

आलोक रविवारी येऊन गेला. तुला न सांगता आला होता, त्याला रागावू नकोस. तुमची दुसरीकडची सोयही पंधरवड्यातच बंद पडली म्हणाला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

माझंही काही बरं नाही. तुझं खातं बंद करूनही कंपनीने दार उघडलं नाही. बदनाम झालेला नंबर बदनामच राहिला. शेवटी तो सोडून नवा नंबर घेतला. पण नव्या नंबराचं, गावात नव्या आलेल्या माणसासारखं आहे. त्याला कुणी ओसरीवर घेत नाही. त्या कंपनीच्या यंत्राला फक्त एक गोष्ट कळते. या नंबरावरून आलेली पत्रं माणसं उघडतात का, आणि उघडून उत्तर देतात का? देत असतील तर भला माणूस, हळूहळू आत घ्या. देत नसतील तर बाहेर.

आणि माझी उरलेली गिऱ्हाइकं काय पाठवतात? बिलं, रिपोर्ट, दरपत्रकं. बिलाला कुणी उत्तर देतं का? मी सर्वेशच्या कॉलेजातल्या लोकांना सांगून पाहिलं, बाबांनो, मला मेल येतील त्यांना उत्तरं द्या. दोन दिवस दिली, मग कंटाळले. खोटं बोलणं किती दिवस चालणार? आणखी दोन महिने असेच गेले तर माहूरचे लॉजवाले जातील, मग डॉक्टर, मग मी.

तुला हे का लिहिलं ठाऊक नाही. पाकिटात राखीबरोबर जागा होती. मी कुणापुढे हात पसरणार नाही.

सौदामिनी


लातूर, ५ ऑगस्ट २०१२

सौदामिनीस,
आशीर्वाद. (राखीला, तुला नव्हे.)

राखी बांधली. ओवाळणी पाठवत नाही. पाठवली तर मनीऑर्डरचा फॉर्म टराटरा फाडशील आणि पोस्टमन बिचारा घाबरेल.

आलोक काय बोलला, काय नाही, ते मी त्याला विचारणार नाही. आमची सोय बंद पडली, खरं. तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पुनम आता पालकांना फोन करते. अण्णाराव तिला म्हणाला, "फोनचं बरं हाय म्याडम, पन ते मेलाचं बंद केलं का? चांगलं चालू व्हतं की!" कपाळ.

एक काम कर. तुझ्या त्या नव्या नंबरावर मला एक पेटी उघडून दे. क्लासच्या नावाने नको, माझ्या नावाने. लोंढा सोडणार नाही. मला एका बोटाने टाइप करता येतं, तेव्हा लोंढा सुटायचाच नाही. एका वेळी एकाला लिहीन. पट मी खोडला नाही, तो आता उपयोगी पडतो की नाही ते बघू. मोठी झालेली पोरं आहेत, नोकरीधंद्याला लागलेली, त्यांच्या पेट्या त्यांनी स्वतः उघडलेल्या आहेत, पत्ते एकमेकांकडून मिळतील. पुण्यात आहेत, बंगळुरात आहेत, पार मस्कतला आहेत. सरांचं पत्र आलं तर उत्तर देतीलच. कुणाची हिंमत आहे न द्यायची?

माझ्यावर उपकार करतेस असा आव आणू नको. मीही तुझ्यावर करतोय असं म्हणणार नाही. तू भूकंपाचं लिहिलंस ते मी विसरलेलो नाही.

उद्धव


नांदेड, १० ऑगस्ट २०१२

दादा,

पेटी उघडली आहे. पासवर्ड वेगळ्या पाकिटात पाठवते. तो भिंतीवर चिकटवू नकोस, पुनमबाईंना देऊ नकोस.

अटी ऐक. एकच मजकूर दोघांना पाठवायचा नाही. क्लासची जाहिरात नाही, फ्लेक्सचे फोटो नाहीत, 'आमचे गुणवंत' नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला आठ-दहांच्या वर गेलास तर मी पेटी बंद करीन, राखीचीही भीड धरणार नाही. आणि लोंढा सोडलास तर नांदेडहून पहिली एसटी पकडून येईन आणि तुझ्या पहाटेच्या वर्गात येऊन भांडेन.

माझा तुझ्यावर भरवसा नाही. दुसरा मार्ग नाही म्हणून देतेय.

सौदामिनी


नांदेड, १७ सप्टेंबर २०१२

ती. उद्धवदादास,
सौदामिनीचा शि. सा. न. वि. वि.

आज मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, रस्त्यावर झेंड्याची गर्दी, आणि मी एकटी ऑफिसात बसून रडतेय. वाईट वाटून नव्हे. दादा, दार उघडलं! आठवडाभर एकही पत्र परत आलेलं नाही. पॅथॉलॉजीचे रिपोर्ट जातायत, बियाणेवाल्यांची बिलं जातायत, माहूरच्या लॉजवाल्यांना नवरात्राची बुकिंगं येऊ लागली. काल महादेवप्पांचा फोन आला, "ताई, जुनं काय मनात ठेवू नका." ठेवणार आहे, पण परत घेणार आहे.

तू काय लिहितोस ते मी वाचलेलं नाही. पण जा-ये दिसते. तू दिवसाला जेमतेम आठ पत्रं पाठवतोस आणि जवळजवळ सगळ्यांची उत्तरं येतात, तीही चार ओळींची नव्हेत, पानंच्या पानं. त्यांना तू पुन्हा लिहितोस, ती पुन्हा लिहितात. दहा-दहा वेळा! माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात एका माणसाला एवढी उत्तरं आलेली मी पाहिली नाहीत. त्या यंत्राला याहून मोठा दाखला कुणाचा हवा?

पोरांचं तुझ्यावर एवढं प्रेम आहे हे मला माहीत नव्हतं. मी तुला फीच्या तक्त्यावरून टोचलं. भूकंपाबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं, तेव्हाही कळत होतं. चुकले मी. तुझ्या पोरांनी माझं बारा वर्षांचं काम वाचवलं, म्हणजे तूच वाचवलंस. मला तुझा फार अभिमान वाटतो.

आता थांबलास तरी चालेल. एका बोटाने किती टाइप करशील? नवा नंबर आता स्वतःच्या पायावर उभा आहे. दिवाळीला नांदेडला ये, वहिनींना घेऊन. भांडण मिटलं असं जाहीर करू.

तुझी,
सौदामिनी


लातूर, २३ सप्टेंबर २०१२

चि. सौ. सौदामिनीस,
अ. उ. आ.

दार उघडलं, छान झालं. महादेवप्पाकडून थोडे जास्त पैसे घे.

बाकी तू चुकीचं समजलीस. प्रेम वगैरे काही नाही. दोघा-चौघांनी पाया पडतो म्हणून लिहिलं, ते सोड. बाकीची उत्तरं तू वाचली नाहीस ते बरं झालं. तुझ्या त्या यंत्राला उत्तर आलेलं कळतं, उत्तरात काय आहे ते कळत नाही. म्हणून तुझं काम झालं.

मी प्रत्येकाला वेगळं लिहायचं म्हणून सुरुवात केली. रामलिंगला लिहिलं, मी निटूरकर सर, तू कसा आहेस, तुझं ते वाकडं अक्षर आठवतं. तो पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याचं उत्तर तासाभरात आलं. लिहितो, "सर, तुम्ही मला वर्गात उभं करून म्हणालात, तुझ्या बापाने तुझ्याऐवजी म्हैस बसवली असती तर ती पास झाली असती. सगळे हसले. मला अजून ते हसू ऐकू येतं." मी लिहिलं, बाबा, मला आठवत नाही, पण म्हणालो असेन, तुझ्या भल्यासाठीच म्हणालो असेन. त्यावर त्याने लिहिलं, "तुम्हाला आठवत नाही, हे त्याहून जास्त लागलं."

मृण्मयी मस्कतला डॉक्टर आहे. आमच्या फ्लेक्सवर तिचा फोटो पाच वर्षं होता. तिने विचारलं, "सर, मला डॉक्टर व्हायचंय का, हे तुम्ही कधी विचारलं होतं का?" एकीने नुसतं लिहिलं, "का लिहिलंत?" असे किती तरी. एवढी वर्षं दाबून धरलेलं होतं, कुणी दार वाजवायचीच वाट होती. मी पहिले आठ दिवस भांडलो. म्हटलं, तुम्ही मोठे झालात ते कुणामुळे? मग अर्ध्या-अर्ध्या रात्री उठून उत्तरं वाचायला लागलो. तुझी वहिनी म्हणाली, बंद करा, तब्येत बिघडेल. मी म्हटलं, बहिणीचं काम आहे, उत्तरं येत राहिली पाहिजेत. शिव्या आल्या तरी येऊ देत. आणि खरं सांगतो, महिनाभर मी तेवढ्यासाठीच लिहीत होतो. शिव्या खायच्या, पुन्हा लिहायचं, तुझं दार ढकलायचं. मी वाईट गुरुजी असेन, भाऊ वाईट नाही, एवढं तरी ठरावं म्हणून.

पण आता थांब म्हणतेस, तर थांबता येत नाही. उदगीरचा मल्लिकार्जुन होता, मागच्या बाकावरचा. त्याला मी कायम 'ढ' म्हणायचो, नावाने कधी हाक मारली नाही. त्याची तिथे मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. आमची दहा-बारा पत्रं झाली. शिव्या संपल्या त्याच्या. काल त्याने एकच ओळ पाठवली आहे. "सर, तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं का की मी ढ आहे?"

काल सकाळपासून तीन वेळा लिहायला बसलो. हो लिहिलं तरी वाईट, नाही लिहिलं तरी वाईट. त्याला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. सुचेपर्यंत पेटी बंद करू नकोस.

तुझा,
उद्धवदादा